साडेअकराच्या सुमारास

मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक प्रात्यक्षिक होतं: थरारपटाची पहिली दोन मिनिटं. पूर्ण गोष्ट नको, शेवट नको. फक्त सुरुवात, आणि ती बघितल्यावर पुढचं बघितल्याशिवाय माणसाला राहवू नये. वर्गातल्या बहुतेकांनी खून घेतले, एकाने बंद पडलेली लिफ्ट घेतली. मी पोलादपूरची. मला विषय शोधावा लागला नाही. सावित्री नदीवरचा जुना पूल, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेलेला.

स्टोरीबोर्डच्या पहिल्या चौकटीत मी लिहिलं होतं: 'रात्री ११:३०. पूल कोसळतो.' सरांनी ११:३० भोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "हे कुणाच्या घड्याळातले?" मी म्हटलं, बातम्यांमध्ये हीच वेळ आहे. ते म्हणाले, "बातमीतला शब्द नीट बघून ये."

बघितला. 'रात्री साडेअकराच्या सुमारास.'

'सुमारास' हा बातमीदाराचा प्रामाणिक शब्द. थरारपटाला तो चालत नाही. तिथे बॉम्बला घड्याळ लावलेलं असतं आणि आकडे उलटे पळतात. म्हणून मी साडेअकरा हा शून्य धरला आणि तिथून मागे मोजत गेले. कुठल्या तासाला काय चाललं होतं ते लिहायचं आणि त्यातून दोन मिनिटं वेचायची, असं ठरवलं. तो घटनाक्रम खाली आहे. तो करता करता माझी दोन मिनिटं तीनदा बदलली.

८८ वर्षं आधी

थरारपटाच्या सुरुवातीबद्दल पहिला धडा सगळीकडे हिचकॉकचाच शिकवतात. १९६२ साली फ्रान्स्वा त्रूफो या तरुण फ्रेंच दिग्दर्शकाने त्याच्या लांबलचक मुलाखती घेतल्या, त्यात त्याने सांगितलेलं उदाहरण. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारताहेत. टेबलाखाली बॉम्ब आहे. तो अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब एक वाजता फुटणार हे प्रेक्षकाला आधी दाखवलं, भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय हेही दाखवलं, तर त्याच निरर्थक गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. त्याला ओरडून सांगावंसं वाटतं, अरे उठा तिथून.

ऑर्सन वेल्सच्या १९५८ च्या 'टच ऑफ ईव्हिल'ची सुरुवात याच तत्त्वावर उभी आहे. पहिल्या काही सेकंदांत एक हात टाइमबॉम्बची किल्ली फिरवतो, तो गाडीच्या डिकीत जातो, आणि मग तीन मिनिटांहून जास्त वेळ कॅमेरा एकही कट न घेता त्या गाडीबरोबर गावातून सरहद्दीपर्यंत जात राहतो. गर्दीत गाडी अडते, थांबते, पुन्हा निघते. आपण मात्र डिकीकडेच बघत असतो.

तेव्हा माझ्या गोष्टीत बॉम्ब कुठे आहे, हे मला आधी दाखवायचं होतं. तो १९२८ सालचा आहे.

त्या साली सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. त्या काळी मुंबईचं माणूस महाडला यायचं तर समुद्रमार्गे बाणकोटच्या खाडीत शिरून दासगावच्या बंदरावर उतरणं, ही नेहमीची वाट होती. पुढे नद्यांवर पूल होत गेले, रस्ता सलग झाला, त्याचा मुंबई-गोवा महामार्ग झाला आणि बंदराला विचारणारं कुणी उरलं नाही.

दगडी कमान उभी राहते ती दगडांच्या एकमेकांवरच्या रेट्याने. शेजारच्या दोन कमानी मधल्या खांबाला दोन्ही अंगांनी सारख्या रेटत असतात, म्हणून खांब सरळ राहतो. एक कमान गेली की दुसरीचा रेटा अडवायला पलीकडे काही उरत नाही, आणि तीही जाते. पुराचं पाणी या खांबांच्या बुडाशी भोवरे करतं आणि खालची वाळू-माती उपसून नेतं. वरून रस्ता दिसायला सपाट, कोरा, जसाच्या तसा. या पुलांचं दुखणं पाण्याखाली असतं आणि गाडी वरून जाते.

पहिल्या कागदावर मी याचा एक शॉट लिहिला: दगडांच्या सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप, क्लोज-अप, आणि वरून जाणाऱ्या ट्रकच्या हादऱ्याने थरथरणारी त्याची पानं. कोकणातल्या जुन्या दगडी पुलांवर अशी रोपं कुणीही बघितलेली असतात.

तीन महिने आधी

मे २०१६. अपघातानंतर सरकारकडून सांगण्यात आलं की मे महिन्यातच या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला सुरक्षित आढळला होता.

ही नोंद वाचल्यावर मी बराच वेळ पुढे काही लिहिलं नाही. हिचकॉकच्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत आहे: टेबलापाशी बसलेल्यांना काही माहीत नसतं आणि प्रेक्षकाला सगळं माहीत असतं. इथे टेबलाखाली वाकून बघितलं गेलं होतं. आणि प्रेक्षक म्हणजे आम्हीच होतो. माझ्या लहानपणी बाजूलाच नवा पूल झालेला होता, तरी मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्यावरून चालू होती. पोलादपूरहून महाडला शाळेच्या वह्या आणायला, दवाखान्यात, लग्नाला, कितीदा तरी आम्ही त्यावरून गेलो. आई पुलावर आली की नदीला हात जोडायची. पूल जुना आहे हे आम्हाला माहीत होतं. ओरडलं कुणीच नाही. मीही नाही, पण मी अकरा वर्षांची होते.

साडेसतरा तास आधी

२ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी सहा. आषाढातली शेवटची तिथी, दिव्यांची अमावास्या. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार होता.

या दिवशी आमच्या घरी समया, निरांजनं, कंदील, जे काही उजेड देतं ते सगळं खाली काढतात. आजी चिंचेच्या कोळाने पितळ घासायची आणि माझ्याकडे वाती वळायचं काम असायचं. पाटावर रांगोळी, त्यावर धुतलेले दिवे ओळीने मांडलेले, कणकेचे गोड दिवे उकडलेले. बाहेर पाऊस एवढा की दुपारी बारालाही घरात दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं.

हे सगळं घटनाक्रमात का लिहिलं, तर कॅमेऱ्यासाठी. अमावास्या म्हणजे आकाशात चंद्र नाही. जाड ढगांमागून येणारा जो पुसट उजेड इतर रात्री असतो, तोही नाही. रात्रीचं दृश्य टिपताना आधी विचारायचं असतं की उजेड कुठून येतोय. त्या रात्रीचं उत्तर एकच: गाड्यांच्या दिव्यांतून.

अमावास्येची दुसरी गोष्ट समुद्राकडची. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अमावास्या पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. सकाळीही आणि रात्रीही. ही उधाणाची भरती असते, महिन्यातली मोठी, आणि सावित्री जिथे समुद्राला मिळते त्या बाणकोटच्या खाडीत ती आत घुसते. वरून पूर येत असताना खालून भरती चढली की नदीला वाट मिळत नाही, हे महाडच्या बाजारपेठेतला प्रत्येक दुकानदार जाणतो. पावसाळ्यात तो आभाळाबरोबर कॅलेंडरवरची तिथीही बघतो.

दहा तास आधी

दुपारचा दीड. या तासाला गोष्ट आमच्याकडे नव्हतीच, ती वर डोंगरात होती.

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. कृष्णा, वेण्णा आणि कोयना यांचं पाणी शेवटी पार बंगालच्या उपसागराला जातं. सावित्री मात्र पश्चिमेला उडी घेते. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आणि पोलादपूर त्याच्या पायथ्याशी, त्यामुळे वरचा पाऊस आमच्याकडे काही तासांत येऊन पोचतो. पूल पडल्यावर मुख्यमंत्र्यांनी जे पहिलं कारण सांगितलं तेही हेच होतं: महाबळेश्वरच्या पाणलोटात झालेला जोरदार पाऊस आणि त्यामुळे सावित्रीला आलेल्या पुराचा दाब.

पोलादपूरला राहणाऱ्याला नदी आधी ऐकू येते. साध्या पावसात ती खळखळते. वरून लोंढा आला की खळखळ थांबते आणि जड, सलग घरघर सुरू होते, दगड दगडावर घासत गडगडत येतात त्याची. आजी त्या आवाजावरून सांगायची, "आज डोंगर खाली येतोय."

मी हा आवाज दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मोबाइलवर टिपायला गेले. घरी येऊन ऐकलं तर नुसती फसफस, बिघडलेल्या रेडिओसारखी. मोबाइलचा माइक मोठा सलग आवाज आपोआप दाबतो, आणि खालचे जड सूर त्याला पेलतही नाहीत. वर्गातल्या एका मुलाकडून रेकॉर्डर मागून आणला, माइकवर लोकरीचं टोपरं घातलं, पुलापासून दूर घाटातल्या एका मोरीखाली बसून ध्वनी घेतला. चार तास गेले, वापरता येण्याजोगे चाळीस सेकंद मिळाले. त्या चाळीस सेकंदांत नदी आहे.

पाऊस टिपण्याचंही तसंच. पहिल्या दिवशी मी मुसळधार पावसात तासभर चित्रीकरण केलं आणि पडद्यावर पाऊस दिसलाच नाही. दिसली ती फक्त राखाडी, ओली हवा. पावसाचा थेंब समोरून उजेड टाकला की दिसत नाही. त्याच्या मागून उजेड आला पाहिजे, तर त्याची रेघ चमकते. म्हणून सिनेमात पाऊस नेहमी दिव्याच्या खांबाखाली किंवा गाडीच्या झोतात पडतो. हे कळल्यावर मी रात्रीच्या सगळ्या चौकटी नव्याने आखल्या. कॅमेरा आणि येणारी गाडी समोरासमोर, मध्ये पाऊस.

पाच तास आधी

संध्याकाळचे साडेसहा. त्या रात्री दोन लाल गाड्या मुंबईच्या दिशेने यायच्या होत्या: जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. चालक-वाहकांसह दोन्हींत मिळून २२ माणसं.

इथे मी दुसरी आवृत्ती लिहिली, आणि ती मला फार आवडली होती. एक चौकट पुलाची, एक चौकट बसची. पाणी खांबाला धडकतं. बसमध्ये कुणीतरी डबा उघडतं. पाणी चढतं, कुणी खिडकीला डोकं टेकून झोपतं. प्रत्येक वेळी चौकटीची लांबी थोडी कमी करायची, म्हणजे बघणाऱ्याचा श्वास आपोआप वर चढतो. पुस्तकात शिकवतात ते समांतर संकलन मला पहिल्यांदा जमलं होतं.

बसच्या चौकटींसाठी मी एसटीने खेडहून महाडपर्यंत रात्रीचा प्रवास केला. आता कशेडीला बोगदा झालाय. तेव्हा मात्र प्रत्येक गाडी घाट चढून, वळणं घेत पोलादपूरला उतरायची. खेड सोडलं की वाहक आतले दिवे घालवतो. मग बस म्हणजे आवाजांचं घर होतं. काचा खडखडतात, प्रत्येक काच वेगळ्या सुरात. छताला कुठेतरी गळतं आणि मोकळ्या सीटवर टप टप पडत राहतं. पुढे चालकाच्या काचेवर वायपर जातो, येतो, आणि प्रत्येक फेरीला काचेच्या एकाच कोपऱ्यात पाण्याचा एक पट्टा तसाच सोडतो. मी तो पट्टा अर्धा तास बघत होते. उतारावर गाडी गिअरात धरलेली असते तेव्हा इंजिन कण्हतं, आणि सपाटीला लागताच एकदम हलकं होतं. ते हलकं झालं की झोपलेली माणसं कूस बदलतात. घाट संपला हे त्यांना झोपेतही कळतं.

आणि पूल कानाला कळतो. डोळे मिटून बसलं तरी. रस्त्यावर टायरचा जो भरीव आवाज असतो तो पुलावर पोकळ होतो, खालून काहीतरी परत येतं. दोन्ही टोकांना सांध्यावरून चाकं जाताना दोनदा धडक बसते, आधी पुढची, मग मागची. पहिली धडक ऐकली की मी दुसरीची वाट बघते. आमच्याकडची बरीच माणसं वाट बघत असतील.

दुसरी आवृत्ती मी मोबाइलवर जोडून घरी आईला दाखवली. एक मिनिट पन्नास सेकंदांची होती. पन्नासाव्या सेकंदाला आईने तोंड फिरवलं. "बंद कर गो," म्हणाली. "ती माणसं झोपली होती. त्यांना काय मोजतेस?"

मी सरांचं सगळं ऐकलं होतं, पण हे वाक्य माझ्या कामाच्या मुळाशी गेलं. उलटी मोजणी मी करत होते. बसमधल्या कुणाच्याही संध्याकाळी साडेसहाला 'पाच तास उरले' नव्हते. त्यांना पहाटे मुंबई गाठायची होती, कुणाला कामावर जायचं होतं, पुढच्याच महिन्यात गणपतीला परत गावी यायचं होतं. त्यांचा वेळ पुढे जात होता. मी माझ्या घड्याळाचे काटे त्यांच्या मनगटावर बांधले होते, आणि त्या प्रत्येक साध्या हालचालीला, डबा उघडण्याला, कूस बदलण्याला, आमिष केलं होतं. कल्पित माणसांच्या बाबतीत हे चालतं. वेल्सच्या गाडीतली जोडी कुणाची कुणी नाही. इथे त्या सीटवरच्या माणसाची बहीण चिपळूणला असू शकते आणि मुलगा माझ्याच लोकल गाडीत.

बसच्या आतल्या सगळ्या चौकटी मी काढून टाकल्या.

दोन तास आधी

साडेनऊ. पोलादपूरला वीज गेलेली. धुतलेल्या दिव्यांपैकी एक देवापुढे, एक ओटीवर. मी झोपले होते. गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर एवढं घडलं आणि माझ्याकडे त्या रात्रीचं काही नाही, फक्त चिंचेचा आणि पितळेचा वास आहे.

शेवटची दोन मिनिटं

बस आतून दाखवायची नाही असं ठरल्यावर प्रश्न उरला: चालकाला काय दिसलं असेल? हे मला कुतूहल म्हणून हवं नव्हतं. 'त्यांनी ब्रेक का नाही लावला' असं आमच्याकडे त्या वेळी कुणीकुणी बोललं होतं, आणि ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

म्हणून हिशेब केला. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात चौदा मीटर जाते. काहीतरी दिसलं, डोक्याने ते ओळखलं आणि पाय ब्रेकवर आला, यात साधारण एक सेकंद. मग ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी पंचवीस मीटर तरी. म्हणजे चाळीस मीटरवरून धोका ओळखता आला तर वाचण्याची आशा. खाली टाकलेल्या दिव्याचा उपयोगी झोत, तोही मुसळधार पावसात, जेमतेम तेवढाच असतो.

पण अंतर ही अर्धीच गोष्ट आहे. दुसरी मी पावसात उभी राहून शिकले. माझ्या चुलतभावाची मोटरसायकल नदीकाठच्या एका मोकळ्या, वापरात नसलेल्या डांबरी पट्ट्यावर उभी केली. तो पट्टा काठाशी संपतो, पुढे खोल अंधार. हेडलाइट लावला आणि कॅमेरा चालकाच्या डोळ्याच्या उंचीला धरला. कोरड्या रात्री डांबराचा राखाडी रंग दिसतो आणि तो संपतो ती कडाही दिसते. पाऊस पडून डांबर भिजलं की त्याचा आरसा होतो. दिव्याचा उजेड त्यावर पडतो आणि तसाच पुढे निघून जातो, आपल्याकडे परत येत नाही. समोर काळा रस्ता, त्यापुढे काळी पोकळी. दोन्हींतला फरक दाखवणारी रेघ पडद्यावर नव्हती. मी ती चौकट संगणकावर उजळून बघितली, काळेपणा वाढवून बघितला, कडा सापडली नाही.

पुलावर रस्ता असतोच, म्हणून चालक तो आहे असं धरून चालतो. आपण सगळेच तसे चालतो. जिना उतरताना पुढची पायरी कुणी बघून ठेवत नाही.

ती मोटरसायकलची चौकट मी ठेवली. सतरा सेकंद. त्यात काहीच घडत नाही, फक्त ओला काळा रंग आहे आणि त्यावर तिरका पाऊस.

साडेअकराच्या सुमारास

राजेवाडीजवळचा पूल गेला. दोन एसटी गाड्या गेल्या, एक तवेरा गेली. माणसांचा आकडा चाळीसच्या घरातला.

याच तासाला या गोष्टीत एक माणूस येतो. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणारा, पोटासाठी उत्तरेतून कोकणात आलेला कामगार. गाड्यांचे दिवे दिसले आणि नाहीसे झाले, हे त्याच्या ध्यानात आलं. तो पावसात रस्त्यावर धावला आणि येणाऱ्या गाड्या थांबवायला लागला.

हे मी अनेकदा वाचलं होतं, लहानपणापासून ऐकलंही होतं, आणि प्रत्येक वेळी पुढच्या ओळीवर गेले होते, क्रेन आणि पाणबुडे यांच्याकडे. घटनाक्रमात त्याला त्याच्या तासावर लिहिलं तेव्हा पहिल्यांदा थांबले. या सगळ्या रात्रीत ज्याला माहीत होतं आणि जो ओरडला असा हा पहिला माणूस. हिचकॉकच्या टेबलाजवळ प्रेक्षकांतून उठून गेलेला.

त्याची अवस्था डोळ्यांपुढे आणा. अंधार, पाऊस, नदीची घरघर एवढी की शेजारी उभ्या माणसाचा आवाज ऐकू येऊ नये. हातात सरकारी दिवा नाही, अंगावर गणवेश नाही. रात्री महामार्गावर अनोळखी माणूस हातवारे करत गाडीपुढे येतो तेव्हा चालक काय करतो? चुकवून पुढे जातो. लुटारू असेल, दारू प्यायलेला असेल. अमावास्येची, त्यातही गटारीची रात्र. त्याला काही क्षणांत अनोळखी माणसांना पटवायचं होतं की समोर दिसणारा रस्ता नाही. आणि ती माणसं थांबली.

माझी तिसरी आवृत्ती इथून सुरू होते.

नंतर

नंतरचं बरंचसं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. पहाटेपासून एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल. हेलिकॉप्टर. गढूळ पाण्यात काही दिसेना म्हणून क्रेनला बांधून सोडलेलं तीनशे किलोचं लोहचुंबक. सावित्रीत मगरी आहेत, त्यामुळे पाणबुड्यांना आणखी एक धास्ती. मृतदेह खाडीतून समुद्रात गेले आणि कित्येक किलोमीटरवरच्या किनाऱ्यांवर लागले. आठवडा उलटून गेल्यावर बसचे सांगाडे हाती आले. निवृत्त न्यायमूर्ती एस. के. शाह यांचा चौकशी आयोग बसला. राज्यभरातल्या जुन्या पुलांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. १६५ दिवसांत पूल बांधता येतो हे कळल्यावर आमच्याकडे आनंद झाला आणि लगेच दुसरं काहीतरी झालं, ज्याला मला शब्द सापडत नाही. आजी म्हणाली, "आधी का नाय बांधला?" आणि पुन्हा वाती वळायला लागली.

माझी दोन मिनिटं

चित्रीकरण आम्ही पुलापासून दूर, रहदारी नसलेल्या एका गावरस्त्यावर केलं. चुलतभावाने गॅरेजवाल्याचं काम केलं. दोन शेजाऱ्यांनी आपल्या गाड्या दिल्या आणि तिसरी दूध पोचवणाऱ्या काकांची. काकांनी विचारलं, "मला काय करायचंय?" मी म्हटलं, "काका, फक्त यायचं आणि हा आडवा आला की थांबायचं." ते म्हणाले, "थांबायचंच असतं की."

पहिली चाळीस सेकंदं पडदा काळा आहे आणि मोरीखाली टिपलेली नदी ऐकू येते. त्यात सतराव्या सेकंदाला एक धडक: चाकं सांध्यावर चढल्याची. दुसरी धडक येत नाही. मग मोटरसायकलवरून घेतलेला ओला काळा रंग. मग समोरून उजेड येतो, पावसाच्या रेघा चमकतात आणि त्या रेघांत पाठमोरा एक माणूस धावत उजेडाकडे जातो, दोन्ही हात वर.

सरांनी विचारलं की यात पूल कुठे आहे. मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या मागे. त्यांनी पुन्हा एकदा बघितलं आणि संकलनातली एक चूक दाखवली: शेवटचा कट मी माणसाच्या चेहऱ्यावर केला होता. "चेहऱ्यावर थांबलीस तर गोष्ट त्याची होते. तो कुणासाठी धावला?"

म्हणून आता शेवट असा आहे. पहिली गाडी कर्कश ब्रेक लावून थांबते. चालक काच खाली करतो, त्याचं बोलणं पावसात ऐकू येत नाही. तिच्या मागची गाडी थांबते आणि हॉर्न वाजवते. तिच्या मागे तिसरी. हॉर्नवर हॉर्न. एका गाडीत मागच्या सीटवर झोपलेलं मूल हॉर्नने जागं होतं आणि आईला काहीतरी विचारतं. त्या रात्री अशा किती गाड्या थांबल्या आणि त्यांत किती माणसं होती, याची यादी कुणी केली नाही. माझ्याकडे तीनच गाड्या होत्या, म्हणून पहिल्या दोन वळवून पुन्हा मागून आणल्या आणि रांग पाचांची केली.